वाढत्या अंगाचा फ्रॉक

वसुधा मॅडमनी फ्रॉक उलटा केला आणि मला कळलं, आता त्या विचारणार.

तोवर सगळं छान चाललं होतं. पुण्यातल्या त्या शिक्षणसंस्थेच्या कचेरीत लांबलचक टेबलावर आमचा गडद निळा फ्रॉक पसरलेला होता. मॅडम संस्थेच्या संचालक. त्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं, खिडकीपाशी नेऊन रंग पाहिला, "फिनिशिंग सुरेख आहे हं," असंही म्हणाल्या. माझ्या शेजारी यादगिरीकाका, म्हणजे आमच्या कारखान्याचे मालक, पायाशी बॅग ठेवून शांत बसले होते.

"हे काय आहे?" मॅडमनी आतल्या बाजूच्या दुमडीवर बोट ठेवलं.

"टक आहेत. जास्तीचं कापड आत दुमडून टीप मारलीय. मुलगी उंच झाली की एक टीप उसवायची. फ्रॉक तेवढा खाली उतरतो."

"आणि बाजूला?"

"तिथंही कापड ठेवलंय. रुंदीला सोडता येतं."

त्यांनी कॉलर ओढून पाहिली. ती बटणांवर होती, हातात आली.

"ही सुटी?"

"हो. तुम्हाला दर दोन वर्षांनी रंग बदलून हवा होता ना? तो कॉलरवर ठेवलाय. कॉलर बदलली की झालं. फ्रॉक तोच राहतो."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. आवाज अजून गोडच होता.

"अंबिका, असा एक फ्रॉक एका मुलीला किती वर्षं जाईल?"

यादगिरीकाकांनी माझ्याकडे बघितलं. 'एक' म्हण, फार तर 'दीड', असं ती नजर सांगत होती की नव्हती, हे मला त्या वेळी कळलं नाही. उत्तर मात्र मला चांगलं माहीत होतं.

त्याच्या महिनाभर आधी याच मॅडम सोलापूरला आमचा कारखाना बघायला आल्या होत्या. शहराच्या पूर्व भागात काकांचं शाळेच्या गणवेशांचं काम. त्यांच्या वडिलांच्या वेळी तिथं माग होते, काकांनी शिलाई मशिनं घातली. मी त्याच गल्लीतली, गाजूलांची मुलगी. डिझाइनचं शिक्षण घेऊन बंगळूरला एका निर्यात कंपनीत नोकरी करत होते. ती सोडून परत आले, तेव्हा काकांनीच मला बोलावून घेतलं. नोकरी का सोडली, हे त्यांनी विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं. उरलेला माल भंगारात देण्याआधी त्या कंपनीत एकेका कपड्याला ब्लेडनं चीर मारायचे. आपल्या नावाचा कपडा कुणी स्वस्तात घालू नये म्हणून. मी काढलेल्या डिझाइनचे नवेकोरे टॉप चिरताना मी उभं राहून पाहिलं होतं. काका ऐकून एवढंच म्हणाले, "नवं कापड? कोरं?"

तर मॅडम आल्या, त्यांनी मशिनं पाहिली, चहा घेतला आणि त्यांना काय हवंय ते नीट समजावून सांगितलं. त्यांच्या शाळा गावोगावी होत्या. इतकं मोठं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. गणवेशाचा हंगाम संपला की आमची निम्मी मशिनं झाकून ठेवावी लागत. हे काम मिळालं तर ती दिवाळीपर्यंत चालणार होती. गणवेश शाळेतूनच विकला जाणार होता. "दर दोन वर्षांनी तो बदलू," मॅडम म्हणाल्या होत्या, "आणि थोरलीचा फ्रॉक धाकटीला चालता कामा नये. पालक नाहीतर तेच तेच वापरत राहतात. आम्ही नियम केला तर ओरड होते. त्यामुळे ते डिझाइनमध्येच बसवा. डिझायनर असतो तो त्यासाठीच."

त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं. 'खिसा जरा मोठा ठेवा' म्हणावं, तितक्या सहज बोलल्या.

मी मान हलवली आणि त्यांनी सांगितलेलं सगळं केलं, फक्त उलट्या बाजूनं. मला खरंच वाटलं होतं की प्रत्यक्ष फ्रॉक बघितला की त्यांचं मत बदलेल. पालक दुवा देतील, संस्थेचं नाव होईल, असं काय काय बोलायचं मी ठरवून आले होते. काकांना सॅम्पल दाखवलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, एक टीप नखानं ताणून पाहिली आणि म्हणाले, "झालं ना शिवून? मंगळवारी निघू."

"तीन वर्षं," मी मॅडमना म्हणाले. "नीट वापरला तर चौथंही. त्यानंतर धाकट्या बहिणीला."

मॅडमच्या शेजारी संस्थेचे एक गृहस्थ बसले होते, ते हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय.

"मी काय सांगितलं होतं, ते लक्षात आहे ना तुमच्या?" मॅडमनी विचारलं.

"आहे. पण मॅडम, मुलगी वर्षात तीन-चार बोटं वाढते. फ्रॉक फाटलेला नसतो, विटलेला नसतो, नुसता आखूड होतो. तेवढ्यासाठी—"

"हे तुम्ही मला समजावू नका." त्यांनी फ्रॉकची घडी घातली. अगदी व्यवस्थित घातली, ते मला अजून आठवतं. मग माझ्याकडे न बघता काकांना म्हणाल्या, "शेठ, काम तुमचं चांगलं आहे. मला तुमच्याकडेच द्यायचंय. दुसरं काही सॅम्पल आणलंय का? साधं?"

काकांचा हात पायाशी ठेवलेल्या बॅगेवर गेला. क्षणभर तिथंच राहिला. मग त्यांनी बॅग उचलून मांडीवर घेतली.

"नाही," ते म्हणाले. "हेच आहे."

आम्ही गाडीनं परत निघालो. उन्हाळा नुकता चढत होता, रस्त्याकडेचा ऊस संपून मोकळी रानं लागली. टेंभुर्णीला काकांनी गाडी थांबवली. चहा आला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"काका, चुकलं का माझं?"

"खरं बोललीस. त्यात चुकायचं काय?"

"पण काम गेलं."

"गेलं." त्यांनी बशी तोंडाला लावली, एका दमात संपवली. "उद्या सकाळी बायकांना तू सांगायचं."

"मी?"

"मग कोण? मी सांगितलं तर मला चार शिव्या घालतील आणि गप्प बसतील. तुला विचारतील, का म्हणून. तू सांग. कागदावर कपडा काढणाऱ्यानं एकदा शिवणाऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलावं."

मला त्यांचा राग आला. मला वाटलं, हे शिक्षा करताहेत.

दुसऱ्या दिवशी मशिनं सुरू व्हायच्या आधीच मी शिलाईच्या हॉलमध्ये गेले. बायका डबे ठेवत होत्या, पदर खोचत होत्या. सगळ्यांना ठाऊक होतं आम्ही पुण्याला कशाला गेलो होतो, त्यामुळे मला बघून त्या आपोआप गोळा झाल्या. नागमणीअक्का पुढेच होती, सगळ्यांत जुनी. तिच्या मागे यशोदा.

मी सांगितलं. मॅडमना काय हवं होतं, मी काय केलं, त्यांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं. तो फ्रॉक मी हातात धरला होता. बोलता बोलता एक टक उसवून दाखवला, का कोण जाणे.

मग यशोदा पुढे आली. तिला दोन मुली, नवरा दुसरीकडे राहणारा.

"ताई, तुम्ही बोललात ते पोरींच्या आयांसाठी. त्यांचा खर्च वाचावा म्हणून."

"हो."

"आम्ही पण आयाच आहोत की ओ."

मी हातातला फ्रॉक खाली घेतला.

"फ्रॉक तीन वर्षं टिकंल, चांगलं आहे. पण मशीन बंद पडल्यावर आमच्या पोरींना तो फ्रॉक आम्ही घ्यायचा कशातनं? ते पण डिझाइनमध्ये बसवलंय का?"

मागे कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच विरलं. यशोदा खरंच उत्तराची वाट बघत होती. शिकताना, बंगळूरला, सोलापूरला आल्यावर, इतके दिवस मी कापडाचा विचार केला होता, ते घालणाऱ्याचा केला होता. शिवणारी माझ्या हिशेबात होती, पण अशी समोर उभी नव्हती.

"नाही," मी म्हणाले. "ते मला अजून जमलेलं नाही."

तेवढ्यात कापड कापायच्या टेबलापाशी उभे असलेले इब्राहिम मास्तर बोलले. त्यांचा आवाज मुळातच मोठा.

"पण दुसरं सॅम्पल होतं की! साधं, टक नसलेलं. कॉलर शिवलेली. शेठनी सांगितलं म्हणून मीच सोमवारी कापलं, नागमणीनं शिवलं. बॅगेत मी स्वतः घातलं. ते नाही दाखवलं?"

मी वळून नागमणीअक्काकडे पाहिलं. ती खाली बघत होती.

काका त्यांच्या केबिनच्या दारात उभे होते. कधी येऊन उभे राहिले, माहीत नाही. सगळ्या बायका त्यांच्याकडे वळल्या.

"शेठ?" यशोदा म्हणाली. "होतं दुसरं?"

"होतं."

"मागितलं नाही का त्यांनी?"

"मागितलं. मी नाही म्हटलं."

आता मात्र एकदम गलका झाला. इतका वेळ माझ्यावर रोखलेलं सगळं त्यांच्यावर गेलं. काकांना ते आत उभं राहून टाळता आलं असतं. इब्राहिम मास्तरांनाही डोळ्यांनी गप्प करता आलं असतं. ते चालत हॉलच्या मध्यापर्यंत आले आणि गलका ओसरेपर्यंत थांबले.

"मी ते दाखवायलाच नेलं होतं," ते म्हणाले. "हिला सांगितलं नव्हतं. हिचं आवडलं तर हिचं, नाहीतर माझं. धंदा आहे. मॅडमनी विचारलं तेव्हा माझा हात बॅगेच्या चेनवर होता." ते थांबले. त्यांना बोलायची सवय नव्हती. "इतकी वर्षं माल परत आलेला मी पाहिलाय. शिवण उसवली म्हणून, रंग गेला म्हणून, माप चुकलं म्हणून. ऐकून घेतलंय, भरून दिलंय. काल पहिल्यांदा कुणीतरी आपला माल नको म्हटलं, कारण काय, तर तो टिकतो. तुम्ही शिवलेला कपडा टिकतो, म्हणून नको. हिनं 'तीन वर्षं' म्हटलं आणि तो शेजारचा माणूस हसला. त्यानंतर मला ते दुसरं बाहेर काढवेना. नाही काढवलं. काय करणार."

"मग आता?" यशोदाचा राग गेला नव्हता.

"आता मी आणि ही शाळा हिंडणार. हाच फ्रॉक घेऊन."

"आणि नाही खपला तर?"

"तर तू म्हणतेस ते खरं."

नागमणीअक्कानं माझ्या हातातला फ्रॉक घेतला, मी उसवलेला टक पुन्हा जुळवला आणि मशिनवर जाऊन बसली. तिच्यामागून एकेक जण आपापल्या जागी गेली. यशोदा शेवटी बसली.

ती फार दिवस राहिली नाही. संस्थेचं काम शहरातल्याच दुसऱ्या एका कारखान्याला मिळालं आणि ती तिकडे गेली. जायच्या दिवशी मला म्हणाली, "राग धरू नका." मी म्हटलं, "तू पण." ती परत कधी आमच्याकडे आली नाही. तिला तिकडे बारमाही काम मिळालं, हेही सांगितलं पाहिजे.

तो उन्हाळा आम्ही गाडीत काढला. मोठ्या शाळांनी दारातूनच परत पाठवलं. एका गणवेशाच्या दुकानदारानं तर मला खुर्ची देऊन, सरबत पाजून सांगितलं, "ताई, गिऱ्हाईक पुढच्या जूनला परत आलं नाही तर मी दुकान उघडू कशाला?" त्याचंही खोटं नव्हतं. काका रोज संध्याकाळी म्हणायचे, "उद्या अक्कलकोटची बाजू बघू," "उद्या मंगळवेढा बघू." चिडले नाहीत एकदाही. मी चिडायचे.

अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेलगतच्या एका गावात मुलींची शाळा होती. मुख्याध्यापिका हत्तुरेबाई. ठेंगण्या, कडक, बोलताना मध्येच कानडीत शिरणाऱ्या. त्यांनी फ्रॉक बघितला आणि म्हणाल्या, "मला दाखवून काय? आयांना दाखवा." शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आयांना बोलावलं. मी वर्गात एका मुलीला टेबलावर चढवून फ्रॉक घातला, टक उसवून दाखवले. बायका जवळ येऊन आतून बाहेरून बघू लागल्या. त्यांच्यात घरी शिवणाऱ्या होत्या. त्यांना समजावायची फार गरज पडली नाही.

"आमच्या आया असंच शिवायच्या," एक जण म्हणाली. "वाढत्या अंगाचं."

"पण एक आहे," दुसरी म्हणाली. "बाहेरच्या कापडाचा रंग उन्हानं उडणार. आतला नाही उडणार. सोडल्यावर खाली गडद पट्टा दिसंल. पोरी चिडवतील."

हे मला माहीत होतं आणि त्यावर इलाज सापडला नव्हता. पक्का रंग घेतला तरी दोन उन्हाळ्यांत फरक पडतोच. मी तसं सांगून टाकलं.

"चिडवू देत," हत्तुरेबाई म्हणाल्या. "आधी पोरींना पुढच्या वर्षी शाळेत तर येऊ दे. फ्रॉक आखूड झाला की घरात बसवतात, मला ते पट्ट्यापेक्षा जड जातं."

ती आमची पहिली शाळा. तिच्यामागून आणखी आल्या, बहुतेक लहान, आडगावच्या. मशिनं चालू राहिली, सगळी नाहीत. यशोदाचा प्रश्न मी विसरले नव्हते. फ्रॉकच्या कापडातूनच नर्सबायांचे कोट, कामगारांचे शर्ट असं बारमाही चालणारं काम मी शोधत गेले. तेही तसेच, सोडता येतील, दुरुस्त करता येतील असे. त्यातलं काही जमलं, काही फसलं. काकांनी हळूहळू सगळं माझ्या टेबलावर सरकवलं आणि आता ते कारखान्यात क्वचित येतात.

पण हत्तुरेबाईंच्या शाळेला फ्रॉक दिल्यापासूनच्या तिसऱ्या जूनमध्ये ते होते. हत्तुरेबाईंचा फोन त्यांनीच घेतला. ऐकत राहिले, हं हं करत राहिले, मग फोन ठेवून हॉलमध्ये आले. मला वाटलं, मला सांगतील. ते थेट बायकांसमोर गेले.

"हत्तुरेबाई नाही म्हणाल्या," त्यांनी सांगितलं. "पहिलीच्या पोरींचे तेवढे हवेत. बाकीच्यांचे फ्रॉक अजून चांगले आहेत म्हणे."

मशिनं थांबली. आनंद मानावा की कपाळाला हात लावावा, कुणालाच कळेना. मग नागमणीअक्का हसायला लागली. तिचं बघून बाकीच्या. "शेठ," ती डोळे पुसत म्हणाली, "थोडं वाईट शिवायला पाहिजे होतं बघा."

काकाही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंनी विचारलंय, कुणी येऊन जाईल का. आयांना उंचीचं जमतंय, रुंदीचं जमत नाही."

आम्ही गाडीत दोन मशिनं घातली आणि गेलो. काका, मी, नागमणीअक्का आणि आणखी दोघी. शाळेच्या पटांगणात कडुनिंबाखाली सतरंज्या घातल्या होत्या. आया आपापल्या मुलींना समोर उभं करून, तोंडात सुई धरून टाके उसवत होत्या. रुंदीचे फ्रॉक नागमणीअक्काकडे येत होते. मी मधून फिरत होते आणि बघत होते. फ्रॉकचे रंग खरोखरच उडाले होते, ते आकाशासारखे फिके झाले होते. एकेक टक सुटला की खाली गडद निळा, कोरा पट्टा उतरत होता. काही मुलींचा एक, काहींचे दोन. गेल्या वर्षी सोडलेला पहिला पट्टा थोडा उडालेला, दुसरा करकरीत. लांबूनही दिसत होते. पोरी चिडवतील, असं एक आई म्हणाली होती, ते मला आठवलं.

दोन मुली एकमेकींच्या शेजारी उभ्या राहून घेर ताणून बघत होत्या.

"माझे दोन सुटले," उंच होती ती म्हणाली. "तुझा एकच."

दुसरीनं तोंड वेडावलं, पण लगेच वळून नागमणीअक्काच्या मशिनपाशी आली आणि फ्रॉक वर धरून म्हणाली, "माझा पण दुसरा सोडा."

अक्कानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सोडला तर पायात येईल ना गं."

"येऊ दे."

"पडशील."

"नाही पडत. सोडा की."

अक्कानं तिच्या घेराची कड हातात घेतली, अजून न सुटलेल्या टिपेवरून बोट फिरवलं आणि ती पक्की आहे याची खात्री करून फ्रॉक खाली सोडला.

"थांब," ती म्हणाली. "आधी वाढ तरी."